सोलापूरची मोजदाद

१० मार्च १९११ च्या रात्री शिरगणती झाली तेव्हा सोलापूर शहरात ६१,३४५ माणसे भरली. दहा वर्षांपूर्वी, १९०१ मध्ये, हाच आकडा ७५,२८८ होता. मधल्या दहा वर्षांत विष्णू गिरणी उभी राहिली होती, जाम गिरणी उभी राहिली होती, लक्ष्मी आणि नरसिंगगिरजी या त्याआधीच्या दोन गिरण्या जोरात चालल्या होत्या. भोंगे वाढले, माग वाढले, पगाराच्या दिवशी बाजारात फिरणारा पैसा वाढला. माणसे मात्र चौदा हजारांनी कमी! आणि त्यानंतरच्या खेपेला, १९२१ मध्ये, तेच शहर एकदम १ लाख १९ हजारांवर गेलेले दिसते. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट.

याच दशकात १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ येऊन गेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे हा आकडा आणखी नवलाचा वाटतो. आज जो भाग महाराष्ट्र म्हणून ओळखला जातो, त्याची एकूण लोकसंख्या १९११ ते १९२१ या काळात वाढली नाही. जवळपास तीन टक्क्यांनी घटली. गावेच्या गावे त्या साथीने आणि पाठोपाठच्या दुष्काळांनी खंगली. तरीही त्याच वर्षांत सोलापूर फुगत होते.

१९११ च्या घटीचे कोडे सोडवायचे तर त्या काळची मोजणी कशी होत असे ते पाहावे लागते. घरोघरच्या याद्या आधी तयार केल्या जात आणि मग ठरलेल्या एका रात्री प्रगणक कंदील घेऊन त्या पडताळून पाहत. माणूस त्या रात्री जिथे सापडेल तिथे त्याची नोंद. दख्खनेत प्लेगचा जोर असे तो हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, म्हणजे नेमका शिरगणतीच्या हंगामात. मुंबईत १८९६ ला शिरलेला प्लेग लवकरच सोलापूरकडे पोचला आणि पुढे वर्षामागून वर्षे परत येत राहिला. उंदीर पडू लागले की लोक घराला कुलूप घालून माळावर झोपड्या टाकत, ज्यांचे गाव जवळ ते गावी जात. १९११ च्या ६१ हजारांत मेलेल्यांची वजाबाकी आहे तशी पळालेल्यांचीही आहे. १९२१ च्या उडीत त्यातले परतलेले लोक आहेत. पण नुसत्या परतलेल्यांनी शहर दुप्पट होत नाही. बाकीचे नवे होते, आणि ते का आले हे समजून घ्यायला आणखी चाळीस-पंचेचाळीस वर्षे मागे जावे लागते.

सोलापूर हे पावसाच्या भरवशावर कधीच न जगलेले गाव. सरासरी पाऊस जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही कुठे पडेल याचा नेम नाही. गावाच्या पोटात सिद्धेश्वराचे तळे, बाहेर एकरूखचा तलाव, आणि चारी बाजूंना काळी, ज्वारीची, तहानलेली जमीन. १८६० मध्ये रेल्वे इथवर आली. पुढे दहा-अकरा वर्षांत ती रायचूरला जाऊन मद्रासकडच्या रेल्वेला भिडली आणि सोलापूर एका मोठ्या हमरस्त्यावर आले. कापूस, धान्य, गूळ, कापड यांचा व्यापार वाढला. १८७२ च्या पहिल्या शिरगणतीत शहरात पन्नास हजारांहून थोडी अधिक माणसे होती. नगरपालिका त्याच्याही वीस वर्षे आधीची, १८५२ सालची.

मग १८७६ चा पावसाळा कोरडा गेला. त्या दुष्काळाने सोलापूर जिल्ह्याचे काय केले ते आकड्यांत स्वच्छ दिसते. १८७२ मध्ये जिल्ह्यात सात लाखांवर लोक होते. १८८१ मध्ये ते पाच लाख ब्याऐंशी हजारांवर आले. दर पाच माणसांमागे जवळपास एक माणूस नाहीसा झाला. कोणी भुकेने मेले, कोणी पटकीने, कोणी निजामाच्या मुलखात किंवा वऱ्हाडाकडे निघून गेले. पण त्याच काळात शहर घटले नाही. ते साठ हजारांच्या आसपास पोचले. खेड्यांतून उठलेला एक प्रवाह शहराच्या वेशीशी येऊन थांबला होता.

आणि नेमक्या त्याच वेळी, १८७७ मध्ये, मुंबईचे गिरणीमालक मोरारजी गोकुळदास यांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी इथे सुरू झाली. पुढे बाकीच्या गिरण्या आल्यावर लोक हिला जुनी गिरणी म्हणू लागले आणि तिच्या मालकाचे नाव मुरारजी पेठेच्या रूपाने शहरात कायमचे राहिले. रेल्वे होती, कापूस जवळ होता, सूत विकत घेणारे विणकर दारात होते. पण गिरणीला सर्वांत स्वस्त मिळाली ती माणसे. दुष्काळाने ज्यांचे बैल विकले गेले होते, जमीन सावकाराकडे गेली होती, अशा कुटुंबांना परत जाण्यासारखे मागे काही उरले नव्हते. सोलापूरच्या वाढीचा पहिला अध्याय हा असा आहे: ज्या वर्षी जिल्हा रिकामा होत होता, त्याच वर्षी शहराने माणसे धरून ठेवण्याचे साधन मिळवले.

हातमाग मात्र गिरणीच्या आधीपासून होता. साळी, कोष्टी, खत्री, मोमीन, घोंगड्या विणणारे सनगर अशी विणकरांची आणि रंगाऱ्यांची वस्ती पेशवाईच्या काळापासून इथे होती, आणि तेलंगणातून आलेले काही पद्मशाली विणकरही. पण पद्मशालींचे मोठे लोंढे आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत. करीमनगर, वरंगळ, नलगोंडा, महबूबनगर हे निजामाच्या राज्यातले जिल्हे. तिकडे विलायती आणि गिरणीच्या कापडाने गावठी विणकराचे गिऱ्हाईक तोडले होते. जहागीरदारांची वेठ होती, सावकाराचे सूत होते आणि पावसाचा तोच खेळ होता. सोलापुरात सूत गिरणीतून थेट मिळत असे, लुगडी विकणारे व्यापारी होते, रेल्वे माल पुणे-मुंबईकडे आणि दक्षिणेकडे नेत होती. गिरणीने हातमाग मारला, असे एका वाक्यात सांगितले जाते. सोलापुरात उलट घडले. गिरणीच्या सुतावर हातमाग वाढला आणि त्याच्यामागे माणसांची वस्ती वाढली.

आजही सोलापूरकर ज्याला ‘पूर्व भाग’ म्हणतात तो हा. साखर पेठ, भद्रावती पेठ, कन्ना चौक, अशोक चौक, दत्तनगर. या भागातले विणकराचे जुने घर म्हणजे राहण्याची आणि कामाची एकच जागा. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणणारा, पायांखाली पावड्या, हातात धोटा. पुढे झटक्याचा धोटा आला आणि विणण्याचा वेग वाढला. पण एका मागाला एक माणूस पुरत नसे, आणि सोलापूरच्या लोकसंख्येचे रहस्य बरेचसे इथेच आहे. कांड्या भरायला म्हातारी लागे, तुटलेला धागा सांधायला पोरे लागत, सुताला खळ देऊन पांजणी करायला पहाटे सगळे घर गल्लीत उतरे: लांबच लांब ताणलेले सूत, दोन्ही बाजूंनी कुंचे फिरवणारी माणसे, ऊन चढायच्या आत काम उरकण्याची घाई. तेलंगणातून सोलापूरला येणारा पद्मशाली म्हणूनच एकटा येऊन फार दिवस राहू शकत नव्हता. तो बायकोमुलांसह येई, मग मेहुण्याला बोलावून घेई, मग गावातले शेजारी येत.

मुंबईच्या गिरणगावाशी तुलना केली की हा फरक डोळ्यांत भरतो. परळ-लालबागच्या चाळींत पुरुष खाणावळीत जेवत आणि बायका कोकणात किंवा घाटावर शेती सांभाळत. वर्षातून एकदा गणपतीला किंवा शिमग्याला भेट. सोलापूरने माणसे मागवली ती कुटुंबाने. म्हणून इथे आलेला माणूस परतण्याचा हिशेब फारसा ठेवत नसे. एका पिढीत त्याने मार्कंडेयाचे मंदिर बांधले, नारळी पौर्णिमेला रथ काढायला सुरुवात केली, मुलांसाठी तेलुगू माध्यमाच्या शाळा उघडल्या. पद्मशाली समाजाच्या शिक्षणसंस्था आजही शहरातल्या मोठ्या संस्थांत गणल्या जातात.

या वस्तीचा अभ्यास करावासा अर्थशास्त्रज्ञांना वाटला यात आश्चर्य नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९४७ मध्ये आर. जी. काकडे यांचा सोलापूरच्या विणकर समाजांवरचा पाहणी-ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १९६५ मध्ये धनंजयराव गाडगीळ यांचा सोलापूर शहराच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवरचा. भारतातल्या फार थोड्या मध्यम शहरांना इतक्या लवकर इतकी गंभीर नजर लाभली. ते ग्रंथ शहरातल्या प्रत्येक कार्यकर्त्याने आणि नगरसेवकाने एकदा तरी चाळावेत असे आहेत.

पूर्व भाग तेलुगू, तर दक्षिण आणि मध्य भागात कानडीचा वावर. सिद्धेश्वर हे ग्रामदैवत बाराव्या शतकातल्या सिद्धरामांचे, आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज घेऊन निघणारा मोठा समाज वीरशैव लिंगायतांचा. बाजारपेठेत गुजर, मारवाडी, जैन. आसपासच्या खेड्यांतून आलेले मराठा, धनगर, महार, मांग कामगार गिरण्यांत. विजापूर वेशीच्या बाजूला मुसलमानांची मोठी वस्ती. २०११ च्या जनगणनेतही शहरात दर पाच माणसांत एक मुसलमान होता. घरी एक भाषा, गल्लीत दुसरी, बाजारात तिसरी आणि शाळेत मराठी, हे इथल्या पोराला शिकवावे लागत नाही. पुढे सीमाप्रश्नाच्या वादात सोलापूरवर कर्नाटकाने हक्क सांगितला तो इथल्या कानडी भाषकांच्या बळावर. पण तिन्ही भाषा घरात असलेल्या शहराची एका भाषेत वाटणी कशी करायची, याचे उत्तर कोणत्याच तक्त्यात सापडत नव्हते.

एक समाज मात्र असा होता ज्याची मोजणी दहा वर्षांनी होत नव्हती. ती रोज होत होती.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ नंतर मुंबई इलाख्यातही कडकपणे लागू झाला आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सोलापुरात सेटलमेंट उभी राहिली. इलाख्यातल्या मोठ्या सेटलमेंटांपैकी ती एक. कैकाडी, पारधी, टकारी, भामटे, कंजारभाट अशा जमातींची कुटुंबे तारेच्या कुंपणात आणून वसवली गेली. जन्माला आलेले मूलही कायद्याने संशयितच. बाहेर जायला परवाना लागे, आणि ठरल्या वेळी हजेरी चुकली तर शिक्षा. या माणसांना गिरण्यांत कामाला पाठवले जाई, कारण गिरण्यांना हात हवे होते. सोलापूरच्या १९२१ आणि १९३१ च्या वाढलेल्या आकड्यांत हे लोकही आहेत, आणि ते स्वखुशीने आलेले नव्हते. दुष्काळाने ढकललेला शेतकरी आणि मागाच्या आशेने आलेला विणकर यांच्याबरोबर सरकारने धरून आणलेला माणूसही या शहराचा पाया घालत होता. शहराच्या इतिहासात त्याला त्याची जागा अजून पुरती मिळालेली नाही, आणि ती मिळायला हवी. देशभरचा हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. कुंपण गेले. वस्तीचे नाव ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असे झाले आणि ते आजही पत्त्यांत लिहिले जाते.

अशा नाना वाटांनी आलेल्या लोकांचे शहर म्हणून एकत्र येणे १९३० मध्ये जगाला दिसले. ६ एप्रिलला नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा चढला. ५ मेला गांधीजींना अटक झाली, सोलापुरात मोर्चे निघाले, गोळीबार झाला, पोलीस शहरातून हटले आणि काही दिवस कारभार लोकांच्या हाती राहिला. १२ मेपासून जूनअखेरपर्यंत मार्शल लॉ. पुढे १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी झाली: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन. त्या चार नावांकडे लोकसंख्येच्या अभ्यासकाने पाहिले तर त्याला सोलापूरच दिसेल. लिंगायत, मराठा, मारवाडी, मुसलमान. शिरगणतीच्या तक्त्यात वेगवेगळ्या ओळींत लिहिलेली माणसे एका खटल्यात, एका दिवशी गेली. त्यानंतर काही आठवड्यांतच १९३१ ची शिरगणती झाली आणि तिच्यात सोलापूरची लोकसंख्या एक लाख चव्वेचाळीस हजारांच्या घरात भरली. देशात जातवार मोजदाद झाली ती त्या खेपेला शेवटची.

पुढची दोन दशके वाढ थांबली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या मागणीने माग आणि गिरण्या दोन्ही चालल्या. १९४१ मध्ये शहर दोन लाखांच्या पुढे गेले. मग १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या अत्याचारांमुळे हैदराबाद संस्थानातून लोक सरहद्द ओलांडून येऊ लागले. ती सरहद्द दूर नव्हती. तुळजापूर आणि नळदुर्ग तेव्हा निजामाकडे होते. काही परत गेले, काही राहिले. १९५१ ला शहर पावणेतीन लाखांच्या आसपास होते.

नेमक्या याच वेळी जुनी गिरणी बंद पडली. १९४९ मध्ये टाळे लागले आणि हजारो कुटुंबांची चूल धोक्यात आली. केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून गिरणीचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. कारण देताना कापडाच्या उत्पादनाबरोबर कामगारांच्या बेकारीचाही उल्लेख केला. एका भागधारकाने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. चिरंजितलाल चौधरी खटला म्हणून तो कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात, मालमत्तेचा हक्क आणि समानता यांच्यासाठी. त्या निकालपत्रामागे मुरारजी पेठेच्या आसपासच्या चाळींत पगाराची वाट पाहणारे शहर होते, हे शिकवताना सांगितले गेले तर तो खटला अधिक समजेल.

गिरण्यांचा उतार लांबत गेला. आधी जुनी गिरणी गेली, मग बाकीच्या आजारी पडल्या, आणि १९९० च्या दशकात लक्ष्मी आणि विष्णू या गिरण्याही थांबल्या. तरी शहराची लोकसंख्या घटली नाही, कारण साठ-सत्तरच्या दशकांत हातमागाच्या खड्ड्यावर फरशी घालून त्या जागी यंत्रमाग बसले होते. जेकार्डवर विणलेली सोलापुरी चादर देशभर गेली, टॉवेल परदेशी गेले; दोन्हींना पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले. १९६४ मध्ये महानगरपालिका झाली तेव्हा शहर साडेतीन लाखांच्या आसपास होते. १९७१ मध्ये चार लाखांच्या तोंडाशी. १९८१ मध्ये पाच लाखांच्या पुढे. त्या मधल्या दशकातच १९७२ चा दुष्काळ पडला. शंभर वर्षांपूर्वीसारखी माणसे या वेळी भुकेने मेली नाहीत. रोजगार हमीच्या कामांवर, खडी फोडत, सुकडी खात ती जगली. पण जमिनीवरचा विश्वास पुष्कळांचा गेला आणि जिल्ह्यातून शहराकडे येणारी वाट पुन्हा वाहू लागली.

यंत्रमागावर पुरुष गेला. त्याच्या मजुरीत घर भागत नव्हते, म्हणून घरातली बाई विडीकडे वळली. सोलापुरातल्या विडी कामगार स्त्रियांची संख्या साठ-सत्तर हजार सांगितली जाते आणि त्यांतल्या बहुसंख्य तेलुगू भाषक. सकाळी विडी कंपनीच्या ब्रँचवर जाऊन तेंदूची पाने आणि तंबाखू आणायची. पाने भिजवून ठेवायची, मऊ झाली की लोखंडी फर्मा ठेवून कातरीने एका मापात कापायची. मग मांडीवर सूप घेऊन बसायचे: पान, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, टोक दुमडणे, दोऱ्याचा फेरा. हजार विड्या भरेपर्यंत बहुतेकींची संध्याकाळ होते. दुसऱ्या दिवशी ब्रँचवर तपासणी, आणि ज्या पसंत पडत नाहीत त्या ‘छाट’ म्हणून बाजूला. त्यांची मजुरी नाही. मान आणि पाठ धरलेली, बोटांना पिवळा रंग, आणि पोरींची शाळा सुटण्याची वेळ हीच सूप खाली ठेवायची.

या बाईमुळे सोलापूरचा एक आकडा वेगळा उमटतो. २०११ मध्ये महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. सोलापूर शहरात हे प्रमाण पावणेदहाशेच्या वर होते. उद्योगाच्या शहरात साधारणपणे पुरुष जास्त असतात, कारण ते एकटे येतात. इथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मागाने सबंध कुटुंब मागवले आणि विडीने बाईला शहरात कमावती केले. कामगारांच्या शहरांचा अभ्यास करणाऱ्यांनी हा आकडा फार कमी वेळा हाताशी घेतला आहे.

१९९१ मध्ये सोलापूर सहा लाखांवर होते आणि २००१ मध्ये ८ लाख ७२ हजारांवर. दहा वर्षांत चव्वेचाळीस टक्के वाढ! पण या आकड्यामागे ना दुष्काळ आहे ना गिरणी. १९९२ मध्ये हद्दवाढ झाली. बाळे, केगाव, शेळगी, देगाव, दहिटणे, सोरेगाव, मजरेवाडी अशी भोवतालची गावे महानगरपालिकेत आली आणि सुमारे ३३ चौरस किलोमीटरचे शहर पाचपटींहून मोठे, जवळपास १७८ चौरस किलोमीटरचे झाले. माणसे जिथे होती तिथेच राहिली, त्यांच्यावरून रेषा पुढे सरकली. ‘हद्दवाढ भाग’ हे नाव त्या वस्त्यांना असे चिकटले की तीस वर्षांनीही तिथला रहिवासी पाण्याची पाइपलाइन, ड्रेनेज आणि रस्ता मागताना ‘आम्ही हद्दवाढीतले’ असे म्हणतो. विजापूर रस्त्यावर जुळे सोलापूर वसले, बंगले आले, शिक्षक-कारकुनांच्या सोसायट्या आल्या. उजनी धरणाहून पाणी आणले तरी नळ चार-पाच दिवसांआड येत राहिला.

खरी गती दिसली ती पुढच्या खेपेला. २०११ मध्ये सोलापूरची लोकसंख्या ९ लाख ५१ हजार ५५८ भरली. दहा वर्षांची वाढ नऊ टक्के. त्याच काळात महाराष्ट्राची एकूण वाढ सोळा टक्के होती आणि शहरी महाराष्ट्राची त्याहून बरीच अधिक. नुसत्या जन्म-मृत्यूच्या हिशेबानेही शहर याहून थोडे जास्त वाढायला हवे होते. म्हणजे जेवढे आले त्याहून अधिक गेले. दीडशे वर्षे माणसे ओढून घेणारे शहर आता माणसे पाठवू लागले आहे, आणि ती मुख्यतः पुण्याला जातात. सकाळी सोलापूरहून पुण्याला निघणाऱ्या गाडीचे नाव हुतात्मा एक्स्प्रेस. १९३१ मध्ये फाशी गेलेल्या त्या चौघांच्या स्मरणार्थ ठेवलेले. तिच्यात अभियांत्रिकीची पदवी घेतलेली पोरे असतात, यंत्रमाग कामगारांची, विडी कामगारांची. सोलापुरात शिक्षण आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, २००४ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. त्या शिक्षणाला साजेसे काम पुरेसे नाही. हे अपयश त्या पोरांचे नाही. गिरण्या गेल्यावर त्यांच्या जागी काय आणायचे याचा विचार वेळेवर झाला नाही, त्याची किंमत ती मोजत आहेत.

आणि जे गेले नाहीत, त्यांतले बरेच हद्दीबाहेर राहायला गेले. विडी कामगार बायकांच्या घरांसाठीचा लढा माकपचे नेते नरसय्या आडम, सोलापूरकरांचे आडम मास्तर, यांनी वर्षानुवर्षे लढवला. शहराच्या पूर्वेला, दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या कुंभारी गावाच्या माळावर कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने सुमारे दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी तिचे हस्तांतरण केले. त्यानंतर त्याच कुंभारीत रे नगर: तीस हजार घरांची योजना, यंत्रमाग कामगार, विडी कामगार, कचरावेचक, फेरीवाले आणि वाहनचालक यांच्यासाठी. त्यांपैकी पंधरा हजार घरांचे लोकार्पण पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी १९ जानेवारी २०२४ ला केले. घरटी चार माणसे धरली तरी रे नगर पूर्ण झाल्यावर दोन्ही वसाहती मिळून दीड लाखाहून अधिक लोक होतील. १९२१ च्या सबंध सोलापूरहून अधिक.

२०२१ ची जनगणना कोविडमुळे झाली नाही. आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे आणि १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची नोंद व्हायची आहे. कुंभारीच्या त्या घरांतल्या बायका पूर्व भागातून आलेल्या आहेत. त्यांच्या विड्या शहरातल्या ब्रँचवर जातात, नवरे शहरातल्या यंत्रमागावर जातात, आजारपण निघाले की त्या शहरातल्या सरकारी दवाखान्यात येतात. हद्द आहे तिथेच राहिली, तर प्रगणकाच्या वहीत त्या सोलापूर महानगरपालिकेत भरणार नाहीत. त्यांची नोंद कुंभारी या नावाखाली होईल, आणि सोलापूरची वाढ पुन्हा एकदा खऱ्यापेक्षा कमी दिसेल. पाण्याचा कोटा, बसफेऱ्या, दवाखान्यातल्या खाटा यांचे हिशेब मात्र त्याच आकड्यावर मांडले जातील.